खिडकीचं माप

ट्रॅक्टरच्या पुढच्या काट्यांवर लाकडी खोकं डुलत डुलत वर चाललं होतं आणि खाली वेंडेल काठीवर भार देऊन ओरडत होता, "डावीकडे, लेरॉय, डावीकडे! चाळीस वर्षं शेजारी राहतोस, अजून तुला डावं-उजवं कळत नाही!"

"चाळीस वर्षं तूच सांगतोयस ना, म्हणून!" लेरॉय ट्रॅक्टरवरून म्हणाला.

वेंडेल हसला आणि लगेच बरगड्या दाबून धरून गप्प झाला. आताशा हसलं की दुखायचं.

त्याचा मुलगा डॅरिल शिडीवर उभा राहून बोल्ट आवळत होता. दहा फुटी खांब, त्यावर चार बाय सहाची प्लायवूडची खोली, पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंना वीतभर उंचीच्या सरकत्या काचा. बुटांचा आवाज होऊ नये म्हणून तळाला घरातलं जुनं कार्पेट. वेंडेलचं हरणांच्या शिकारीचं आधीचं मचाण वसंतातल्या वादळात आडवं झालं होतं. त्याचीच मापं घेऊन डॅरिलनं हे उन्हाळाभर गोठ्यामागे खपून बांधलं होतं. शिडीच्या जागी कठड्याचा जिना, तेवढंच काय ते नवं.

नव्या मचाणाची सवय व्हायला हरणांना दोन महिने तरी लागतात. शिकार नोव्हेंबरात खुली होणार होती आणि सप्टेंबर नुकताच लागला होता, म्हणजे त्या हिशेबानं सगळं वेळेत चाललं होतं. पण दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डॅरिलला बाजूला घेऊन सांगितलं होतं, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे जमणार असाल, तर यंदा ते जेवण आधीच करून घ्या. डॅरिलनं हे घरात कुणाला सांगितलं नाही. त्यानं फक्त कामाचा वेग वाढवला.

त्या घाईत त्यानं एक गोष्ट टाळली. मचाण बांधताना ज्याला तिथं बसायचं, त्याला आधी खुर्चीत बसवायचं, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत फळीवर पेन्सिलीची खूण करायची आणि मगच खिडकीला करवत लावायची, अशी तिथल्या शिकाऱ्यांची रीत. डॅरिलला वाटलं, बापाचं माप घ्यायला बाप कशाला हवा? ते तर तोंडपाठ आहे. शिवाय त्या दिवसांत वेंडेलला पलंगावरून उठवणंसुद्धा जिवावर यायचं.

खोकं खांबांवर बसलं. लेरॉयनं टोपी काढून घाम पुसला, दूध काढायची वेळ झाली म्हणाला आणि वेंडेलकडे न बघताच ट्रॅक्टर वळवून निघून गेला.

वेंडेल जिना चढला. चौदा पायऱ्यांत तीनदा थांबला. डॅरिल आधार द्यायला गेला तर म्हणाला, "सोड. अजून मेलो नाहीये." दार लागलं.

डॅरिल खाली येऊन उभा राहिला. "कसं काय, बाबा? नीट दिसतंय?"

"झकास!"

"सगळं रान दिसतं?"

"पार ओढ्यापर्यंत. दोन माद्या चरतायत बघ तिथं."

डॅरिलनं वळून पाहिलं. रान मोकळं होतं. तासभर ट्रॅक्टर धडधडल्यावर हरीण कशाला फिरकतंय? तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

वेंडेल खुर्चीत जमेल तितका ताठ बसला होता. त्याच्या डोळ्यांसमोर प्लायवूड होतं. खिडकीची खालची कड त्याच्या भुवयांच्याही वर होती. आजारानं त्याचे मणके दबत चालले होते, सगळे शर्ट त्याला लांब व्हायला लागले होते. डॅरिल हे रोज बघत होता, तरी त्याला दिसलं नव्हतं.

"बाबा, आत्ता करवत आणतो. सहा इंच खाली घेतो, अर्ध्या तासात होईल."

"एवढ्या चांगल्या भिंतीला भोकं पाडू नकोस."

"मग खुर्चीखाली फळ्या घालतो. नोव्हेंबरात तुम्हाला..."

"नोव्हेंबरात इथं मी नसणार, डॅरिल."

डॅरिलनं दाराकडे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"ती डॉक्टरीणबाई काय एकट्या तुझ्याशीच बोलते?" वेंडेल म्हणाला. "आजारी मी आहे, गाढवा." तो खुर्चीचे हात धरून उठला आणि कोपऱ्यातल्या उपड्या बादलीवर जाऊन टेकला. "बस तिथं."

डॅरिल बसला. खिडकी त्याच्या डोळ्यांसमोर बरोबर आली. वेंडेलनं मान कलती करून खिडकी पाहिली, मग पोराचे डोळे पाहिले.

"आहे की बरोबर. एक सूत इकडे-तिकडे नाही."

डॅरिल रडायला लागला. एवढा मोठा बाप्या माणूस, खांदे हलवून रडला.

"पुरे. काचेवर वाफ धरते." वेंडेलनं डोकं मागे भिंतीला टेकलं आणि डोळे मिटले. "काय दिसतंय, ते सांग."

"रान दिसतंय."

"ते ठाऊक आहे मला. अजून?"

"कुंपण. लेरॉयचा ट्रॅक्टर, त्याच्या फाटकाशी पोचला." डॅरिलनं बाहीनं नाक पुसलं. "आईनं चादरी वाळत घातल्यात."

"आणि ओढ्यापलीकडे?"

"मेपलचं झाड. शेंड्याची पानं लाल व्हायला लागलीत, पानगळ आली."

"एवढ्यात?" वेंडेल म्हणाला.