घराण्याची उंची

पोलीस भरतीत रेवती उंचीत एका सेंटिमीटरने बाद झाली. बुलढाण्याहून परतताना तिचे वडील वसंतराव तिला घेऊन रोहिणखेडला थोरल्या बहिणीकडे थांबले.

"काय करावं ताई, आपल्या घराण्यात पोट्टे सहा फुटी अन् पोरी बुटक्या. देवाची करणी," ते म्हणाले.

तेवढ्यात ताईंची उंचपुरी मुलगी ताटं घेऊन आली. वसंतरावांना मान वर करून बघावं लागलं. "हे कोणावर गेली?"

"आपल्याच घराण्यावर," ताई म्हणाल्या. "बस रेवती, जेव."

वसंतराव जेवू लागले. रेवती भिंतीला टेकून उभीच राहिली. "बाबाचं होऊ द्या आत्या. मी मांगून जेवते."

"घरी बी मांगूनच?"

"हाव. दूध, अंडी दादाले लागते. उरलं तं मले."

"मी बी त्या घरात मांगूनच जेवत होती, वसंता," ताई हळूच म्हणाल्या. "म्हणून माह्या पोरीले कधी मांगं ठेवलं नाही."

वसंतरावांचा घास हातातच राहिला. खाली मानेने त्यांनी आपलं ताट लेकीपुढे सरकवलं. "खाय, बाई."

रेवतीला एकोणिसावं सरत होतं.

"आता खाऊन का उंची वाढते, बाबा?"