घरबसल्यांसाठी

शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर माझी जीभ झडो. दात तर आधीच झडलेत.

धाकटीचं पुस्तक छापून आलं आणि पहिली प्रत तिने थोरल्या बहिणीच्या हातात ठेवली. प्रवासवर्णन. कव्हरवर धाकटी स्वतः, पाठीला सॅक, मागे बर्फच बर्फ. थोरलीने ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. मग एका संध्याकाळी धाकटी कौतुक ऐकायला आली आणि खुर्ची ओढून पलंगाशी बसली.

थोरलीचे पाय तिचं ऐकत नसत. डोकं मात्र जगभर हुंदडायचं. उशाशी प्रवासाच्या पुस्तकांची ही एवढी चळत, औषधाचा पेला ठेवायला जागा नाही. आणि एकेका लेखकाला तिने नाव ठेवलेलं.

"कसं वाटलं, ताई?"

"तुझ्यापेक्षा ती लॉजवाली बरी."

लॉजवाली म्हणजे जिच्या पुस्तकात डोंगर कमी आणि गरम पाण्याची चौकशी जास्त.

धाकटी हसली. तिला चेष्टा वाटली. "तिला लिहिता तरी येतं का गं? रेटकार्ड आहे ते!"

"असू दे. ती बॅग भरणाऱ्यांसाठी लिहिते आणि तसं कबूलही करते. तू कोणासाठी लिहिलंस?"

"ज्याला वाचायचंय त्याच्यासाठी."

"म्हणजे माझ्यासाठी नाही. पान उघडावं तर मी, मी, मी. मी चढले, मी दमले, मला रडू आलं. मैत्रिणी बरोबर असल्या की 'आम्ही'. तू 'आम्ही' म्हणालीस ना, की माझ्या तोंडावर दार लागतं बघ. त्यापेक्षा हा टोपीवाला ऐक." तिने चळतीतून एक शिवण उसवलेलं पुस्तक ओढलं. कव्हरवर माकडटोपीतला म्हातारा. "'आता आपण चपला हातात घेऊ. वाळू तापलीय, जरा जपून.' तळपाय भाजले गं माझे! माझे!"

धाकटीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. त्या बर्फात तिची बोटं सुजून काकड्या झाली होती, आणि इथे टोपीवाल्याच्या आरत्या चालल्या होत्या.

"तुझा टोपीवाला निम्म्या ठिकाणी गेलेलासुद्धा नाहीये, ताई. घरबसल्यांसाठी लिहितो तो. ज्यांना कुठे जायचंच नसतं, त्यांच्यासाठी."

बोलली आणि जीभ चावली. पण उशीर झाला होता.

"जायचंच नसतं?" थोरली म्हणाली. अगदी हळू. "मला जायचंच नसतं का गं?"

आणि मग तिला जो राग चढला म्हणता! कपाळावरची शीर तट्ट फुगली. पांघरूण एकीकडे, उशी एकीकडे, आणि बाई ताडकन उठली. हो, उठली! धाडधाड पावलं टाकत खिडकीशी गेली आणि धाकटीचं पुस्तक दिलं बाहेर भिरकावून. बर्फासकट.

"ताई! दोन वर्षं घातलीत मी त्यात!"

"मग मला का नाही घातलंस?"

धाकटी जिन्यावरून पळत खाली गेली. पुस्तक भर रस्त्यात उताणं पडलेलं. एका सायकलवाल्याने ऐन वेळी चाक वळवलं आणि धाकटीलाच दोन शिव्या घातल्या. तिने पुस्तक उचललं, ओढणीने पुसलं, वर पाहिलं. खिडकीत थोरली, चौकट घट्ट धरून, डोळ्यांतून नुसती आग.

'जा मर' असं धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. पुस्तक उघडलं आणि भांडणाच्याच आवाजात पहिलं वाक्य वर फेकलं.

"पहाटे मी निघाले..."

तिथेच अडकली. दात खाल्ले. परत सुरुवात केली.

"पहाटे आपण निघालो! झालं समाधान?"

"मोठ्याने वाच की!" वरून खेकसणं आलं. "गाडी गेली मधून. निघालो, आणि पुढे?"

हे सगळं अगदी अस्संच झालं. फक्त ती उठून खिडकीपर्यंत चालत गेली, तेवढं मी पदरचं घातलं. असला राग आल्यावर माणसाला चालता यायलाच हवं. पण पलंग खिडकीला लागूनच होता.