बेटाची मागची बाजू

"मोठी बोट नको," नवरा म्हणाला. अजून त्यांनी फलकही धड वाचला नव्हता.

धक्क्यावर तिकिटांच्या दोन खिडक्या होत्या. एकीवर मोठ्या बोटीचं आणि खडकावर पहुडलेल्या सील प्राण्यांचं रंगीत चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'सील दिसणारच, नाही तर दुसरी फेरी मोफत.' दुसऱ्या खिडकीत एक बाई स्वेटर विणत बसली होती. तिच्या बोटीचा साधा फोटोही लावलेला नव्हता.

"का नको?" बायकोनं विचारलं.

"ती बेटाच्या पुढूनच वळते. सील मागच्या बाजूला असतात, खडकांवर. आणि डावीकडे बसायचं, म्हणजे येताना तोंडावर ऊन येत नाही."

ती विमा कंपनीत दावे तपासायची. विचारलं त्यापेक्षा माणूस जास्त सांगायला लागला की तिचे कान टवकारत. या बेटावर दोघं पहिल्यांदाच येत होती. निदान ती तरी तसं धरून चालली होती.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"नेटवर वाचलं."

"डावीकडे बसायचं, हेसुद्धा?"

तो जॅकेटची चेन वरखाली करत राहिला.

गेल्या वर्षी ऑफिसचं प्रशिक्षण आहे म्हणून तो तीन-चार दिवस बाहेरगावी गेला होता. ती तेव्हा नुकतीच हॉस्पिटलमधून रिकाम्या हातांनी घरी आली होती, सातव्या महिन्यात. तो परतला तो रापलेला चेहरा घेऊन. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये बसून कुणी रापत नाही. तिनं विचारलं नव्हतं. विचारलं तर तो उत्तर देईल, याचीच धास्ती होती. मनात मात्र तेव्हापासून तिनं एक बाई वागवली होती. तिला केस, आवाज, हसणं, सगळं तिनंच दिलं होतं.

"मोठ्या बोटीनंच जाऊ," ती मुद्दाम म्हणाली.

तेवढ्यात विणणाऱ्या बाईनं मान वर केली. त्याच्याकडे नीट पाहिलं आणि सुया खाली ठेवल्या.

"तुम्ही होय. परत आलात."

त्याचा चेहरा उतरला. बायको सरळ त्या खिडकीपाशी गेली.

"ओळखता यांना? कोण होतं यांच्याबरोबर?"

"कुणीच नव्हतं. म्हणून तर लक्षात राहिले. सकाळी बोटीत बसायचे ते संध्याकाळपर्यंत उतरायचे नाहीत. मागच्या खडकांवर तेव्हा माद्या पिल्लांना कुशीत घेऊन पडलेल्या असतात. बाकीचे फोटो काढायचे, हे नुसते बघत राहायचे आणि डोळे पुसायचे. शेवटी बोट चालवणाऱ्या माझ्या मालकांनी इंजिन बंद करून विचारलं, काय झालंय. तर म्हणाले, मुलगी होती."

बायकोला हायसं वाटायला हवं होतं, पण तिला रागच आला.

"घरी का नाही रडलास?" तिनं वळून विचारलं.

"तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस. उशाशी तुझी आई. मला वाटलं, आधी तुझं होऊ दे."

"माझी आई म्हणायची, याला काहीच वाटलेलं दिसत नाही. मीही तेच म्हणत होते."

तो तिकिटांसाठी पाकीट चाचपायला लागला.

"दुसरी कुणी असती, तर काय करायचं ते मी ठरवून ठेवलं होतं," ती म्हणाली. मग खिडकीत पैसे सरकवले. "दोन द्या."

लहान बोट धक्क्याकडे येत होती. दोघं कठड्याशी उभी राहिली. तिच्या आवाजातली धार अजून गेली नव्हती.

"आणखी काय सांगितलंस त्या लोकांना?"

"तिचं नाव."

"आपण नाव ठेवलंच नव्हतं."

"मी ठेवलं होतं. मनात."

बोट टेकली. इंजिनाच्या घरघरीत त्यानं ते नाव सांगितलं. तिला ते स्पष्ट ऐकू आलं होतं, तरी ती त्याच्या आणखी जवळ सरकून म्हणाली,

"पुन्हा सांग."