खालच्या शाळेची पोरं

पहिला दगड प्रार्थनागृहाची काच फोडून आत आला आणि कॅट्रिन डॉइलच्या कानावर बसला. बारा वर्षांची पोरगी. ती ओरडलीसुद्धा नाही. मटकन खाली बसली, आणि तिच्या हिरव्या ब्लेझरची कॉलर रक्ताने काळी पडत गेली.

"खिडक्यांपासून लांब व्हा! बाकांखाली शिरा!" मुख्याध्यापिका टिअर्नीबाई ओरडल्या. शाळा सुटायला थोडाच वेळ राहिला होता. शेवटच्या प्रार्थनेसाठी सगळी मुलं एकत्र बसलेली, दगड मारणाऱ्यांनी नेमकी तीच वेळ गाठली होती.

दुसरा दगड आला, तिसरा आला, मग दगडांचा माराच सुरू झाला. बाहेर पटांगणात दहाबारा पोरं होती. डोक्यावर टोप्या ओढलेल्या, तोंडाला मफलर, अंगात खालच्या शाळेचे काळे स्वेटर. सगळ्यात उंच असलेल्याच्या हातात लोखंडी गज.

"ए पोपच्या पिल्लांनो, या की बाहेर!"

"हाका मारा मेरीमातेला! बघू येते का!"

खोऱ्यात माध्यमिक शाळा दोनच. टेकडीवरची ही कॅथलिकांची आणि खाली नदीकाठची बाकी सगळ्यांची. दोन्हीकडची पोरं पुलावर एकमेकांना बदडत आली होती, ती पार त्यांच्या आज्यांच्या वेळेपासून. पण शाळेत घुसून मारायची ही पहिलीच वेळ. वरच्या शाळेचं नाव होतं शिस्तीसाठी. ग्वेंडा टिअर्नी मुख्याध्यापिका झाल्यापासून तर वर्गात कुणी आवाज चढवत नसे. खाणी बंद पडल्या, माणसं खोरं सोडून गेली, पट निम्म्यावर आला. कौंटीवाले, म्हणजे जिल्ह्याचे अधिकारी, शाळा बंद करायला टपले होते. शिस्तीच्या त्या एका नावावर शाळा तगून होती.

खेळाचे शिक्षक बेव्हन बाहेर धावले. गज त्यांच्या खांद्यावर पडला. हाड मोडल्याचा आवाज बाईंना दारात ऐकू आला. बेव्हन गुडघ्यांवर कोसळले, तसा दुसऱ्या एकाने त्यांच्या पोटात लाथ घातली. मग आणखी एकाने.

बाईंना पुढचं नीट आठवत नाही. त्या पायऱ्या उतरल्या. एक दगड कपाळाला लागला आणि डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. तरी त्या थेट गजवाल्याच्या अंगावर गेल्या आणि त्याचा स्वेटर दोन्ही मुठींत धरला. त्यांना त्याचा जीव घ्यायचा होता. साठीला आलेल्या, रोज जपमाळ ओढणाऱ्या बाईला त्या क्षणी दुसरं काहीही नको होतं.

"सोड, थेरडे!" त्याने कोपर मारलं. बाईंच्या बरगडीत कळ गेली. त्यांनी त्याच्या तोंडावर नखं मारली, मफलर हाताला लागला, तो त्यांनी हिसडून काढला.

रोद्री फेही. दोन वर्षांपूर्वी याने वर्गात खुर्ची फेकली होती. त्याची आई ऑफिसात रडली होती.

"ओळखलंत?" तो धापा टाकत म्हणाला. गालावर तीन ओरखडे उठले होते. गज अजून वरच होता. "मारू का, बाई? आता काढून तर टाकू शकत नाही तुम्ही मला."

"मार," बाई म्हणाल्या.

त्याने मारलं. बाईंचा उजवा हात मनगटाच्या वर वाकला. डाव्या हाताची मूठ मात्र त्यांनी सोडली नाही. त्याने पुन्हा गज उचलला, त्यांच्या रक्ताळलेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि तो तसाच उभा राहिला. पोलिसांच्या गाड्या फाटकातून आत आल्या तेव्हाही दोघं तशीच उभी होती.

पुलापर्यंत पळालेली पोरंसुद्धा पोलिसांनी धरून आणली. सगळ्यांना भिंतीशी ओळीने उभं केलं, टोप्या-मफलर उतरवले. कॅट्रिनला आणि बेव्हनना पहिल्या ॲम्ब्युलन्समधून नेलं. बाई मात्र गाडीत बसायला तयार होईनात. फाटकापाशी मुलांना न्यायला आलेले आईबाप जमले होते. कुणीतरी ओरडलं, "फोडून काढा त्या खालच्या गुंडांना!" मग सगळेच तेच ओरडायला लागले.

"खालची शाळा म्हणजे कचरापेटी झालीय नुसती," सार्जंट पॅरी म्हणाला. "बाई, यांच्यापैकी कुणाला ओळखता का?"

शाळा समितीचे अध्यक्ष जेरार्ड प्रॉसर लगबगीने बाईंच्या कानाशी आले. "नाही म्हण, ग्वेंडा. शाळा ठेवायची की नाही, ते सोमवारी कौंटीत ठरणार आहे. आज सगळं खोरं आपल्या बाजूने उभं आहे. एवढ्यावर शाळा वाचेल."

बाईंनी मोडका हात छातीशी धरला आणि त्या भिंतीकडे निघाल्या. प्रत्येकासमोर थांबल्या. एकाने मान खाली घातली. एक त्यांच्या बुटांजवळ थुंकला. दोघं जुळे भाऊ एकमेकांना चिकटून उभे होते. शेवटचा, सगळ्यात लहान, नाक पुसत रडत होता. त्याच्यापाशी बाई सगळ्यांत जास्त वेळ थांबल्या.

"सगळ्यांना ओळखते," त्या वळून म्हणाल्या. आवाज फाटकापर्यंत गेला. "हा रोद्री. हा शॉन, याला वाचता येत नव्हतं. हे दोघे मर्फी. हा छोटा ईफान. खालच्या शाळेची पोरं नाहीत ही, सार्जंट. आपलं नाव चांगलं राहावं म्हणून एकेकाला मीच इथून हाकललंय."