बोटभर अंतर

जुन्या चित्रफितींतून अख्खा सामना पुन्हा उभा करणारं यंत्र आलं आणि बेसबॉल लीगनं सगळे विक्रम तपासायला घेतले. सुरुवात गोलंदाज रेवती भोपळेच्या विक्रमापासून झाली. प्रतिस्पर्धी संघातल्या एकीलाही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, पोचू न देता जिंकलेला तो देशातला पहिला व्यावसायिक सामना होता.

पडद्यावर तीस वर्षांपूर्वीची रेवती सहकारिणीनं फेकलेला चेंडू झेलून पहिल्या बेसकडे झेपावली; फलंदाज पोचण्याआधी तिथं पाय टेकला की ती बाद. चित्र थांबलं. तिचा पाय बेसपासून बोटभर दूर होता. म्हणजे शेवटची फलंदाज मंजिरी टेकाम बाद नव्हतीच.

आज मंजिरी रेवतीच्या शेजारीच बसली होती. सामन्याच्या दिवशी आपण बाद नाही म्हणून ती पंचांशी भांडली, निलंबित झाली आणि पुन्हा कधीच खेळली नाही.

"विक्रम रद्द होईल," लीगचे अधिकारी म्हणाले. "पण रेवतीताई, त्या धावपळीत तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं. तसंच नोंदवतो."

रेवतीला मान वर करवेना.

"नका नोंदवू. मला तेव्हाच कळलं होतं. पायाखाली माती लागली होती."

मंजिरी पडद्याकडून रेवतीकडे वळली.

"माझी आई मला खोटारडी समजूनच गेली गं," ती म्हणाली.

रेवतीनं घरून माफीचे शब्द जुळवून आणले होते. त्यातला एकही आता तिला उच्चारवेना.