फांदीचं तिकीट

बसमधून उतरताना आईनं रानबोरीची काटेरी फांदी छातीशी धरली होती. येताना तिनं फांदीसाठीही वेगळं तिकीट काढलं होतं, शेजारच्या सीटचं. “उतरा, गाव आलं आपलं,” ती फांदीला म्हणाली.

झुलू लोकांची रीतच ती. परमुलखात मेलेल्याचा आत्मा फांदीवर बसवून घरी, पितरांपाशी आणायचा. उंबरा ओलांडेपर्यंत त्याच्याखेरीज कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. तिचा नवरा दूरच्या खाणीत, दरड कोसळून मेला होता.

मुलगा फाट्यावरच उभा होता. मिशनच्या चर्चचा पाळक. “आई, बाबा प्रभूपाशी आहेत गं. हे नुसतं लाकूड आहे.”

आई चालत राहिली.

“लोक हसताहेत मला! माझ्याशी एक शब्द तरी बोल!” त्यानं फांदी हिसकली. काटे तळहातात रुतले, तरी त्यानं ती रस्त्याकडेला कणसं भाजणाऱ्या बाईच्या शेगडीत कोंबली. सुकलेली पानं तडतडत पेटली.

फांदीची राख होईपर्यंत आई बघत राहिली. मग लेकाकडे वळून शांतपणे म्हणाली, “बोल, काय म्हणत होतास? आता माझ्यासोबत कुणी नाही.”