होडीवाल्याचं काय झालं

"होडीवालो जितो आसा," रुद्रेश म्हणाला. "तुका काय वाटता?"

सुविधाने पाव मोडून भाजीत बुडवला. पेडण्यात फिल्म सोसायटीचा सिनेमा सुटला की गोपाळच्या हॉटेलात पाव-भाजी खात वाद घालायचा, आणि समोरच्याचं पूर्ण ऐकल्याशिवाय खोडायचं नाही, ही या नवरा-बायकोची लग्नापासूनची रीत. सिनेमा बघायला तिला शिकवलं त्यानेच. आज मात्र तिला सिनेमातल्या होडीवाल्याचं काही पडलेलं नव्हतं. स्वतःचा संसार हातातून निसटतोय, याची धास्ती होती.

हल्ली दर गुरुवारी रुद्रेश बसने म्हापशाला जायचा. काम काय, तर "सहज". परवा त्याच्या फोनवर कोणा श्रद्धाचा आवाज तिने ऐकला, "बायकोला सांगितलंत की नाही?" आणि हा म्हणाला, "तिला एवढ्यात नको." त्यात गोडवाही वाढला होता. स्कूटर तिच्या हाती देऊन हा मागे बसायचा. आज सभागृहाच्या पायऱ्या उतरताना तर चारचौघांत तिच्या खांद्यावर हात. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

सिनेमाभर तिने त्याच्यावर पाळत ठेवली होती. मोबाइल खिशात, झोप नाही, तोंड सरळ पडद्याकडे. खोट सापडेना, म्हणून ती जास्तच चिडली.

"माका तो बुडालो असां वाटता," ती म्हणाली. "पण आधी तुमचां सांगा. लपवणारी माणसां तुमका बरी कळतत."

टोमणा त्याने गिळला. "तुझां म्हणणां खोटां नाय. वादळ झालां, गावान त्याका मेलेलो धरलो. पण बायलेन धरूक नाय. शेवटी कोणच बोलना नाय, फकत तिचो हिरवो चुडो वाजता. किती वेळ वाजता, आयकलंस मां? घोव मेल्यार आमच्यात बायलेच्या हातात चुडो रवता?"

तो समाधानाने हसला आणि बशी चाचपून पावाचा तुकडा उचलला.

सुविधाने त्याच्या चाचपणाऱ्या बोटांकडे पाहिलं. श्रद्धाबद्दलचा ओठावर आलेला प्रश्न तिथेच राहिला. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने त्याचं म्हणणं खोडलं नाही.

"तुमचां बरोबर आसा," ती म्हणाली.

शेवटच्या प्रसंगात होडीवाल्याची बायको चुडा उतरवत होती. एकेक बांगडी काढून नवऱ्याच्या पत्र्याच्या पेटीत टाकताना अख्ख्या सभागृहाने तिला पाहिलं होतं.